मग परत कशाला आलीस?

(दहावीच्या १९९० च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडी काटछाट केली आहे.)



माझी ओळख करून देताना आत्ता 'समाजसेविका' असा शब्द वापरला गेला. खुर्चीत बसल्या बसल्या मला घाम फुटला. म्हणून आधी ती दुरुस्ती करते, मग पुढचं बोलते. मी समाजसेविका नाही. २०११ ते २०२० अशी नऊ वर्षं मी पुण्यात पगार घेऊन घरोघर फिरले आणि एका संस्थेसाठी देणग्या मागितल्या. बेल वाजवायची, दार उघडलं तर बोलायचं, दिलं तर पावती फाडायची, नाही दिलं तर शेजारची बेल. विमावाले फिरतात, पाण्याचे फिल्टर विकणारे फिरतात, तसंच. फरक एवढाच की आमच्या पिशवीत द्यायला काही नसायचं, फक्त घ्यायला पावतीपुस्तक.

सकाळपासून चहाच्या टेबलाशी सात-आठ जणांनी विचारलं, "काय करतेस हल्ली?" आपल्या वर्गात डॉक्टर झाले, इंजिनियर तर पोत्यानं झाले, दोघं अमेरिकेहून आलेत. मी मधल्या बाकावरची. फार हुशार नाही, फार वांडही नाही, त्यामुळे शिक्षकांच्या लक्षात न राहिलेली. ही नोकरी करत होते तेव्हा कुणी विचारलं तर मी म्हणायचे, "एका एनजीओत असते." ऐकायला बरं वाटतं. 'दारोदार फिरते' असं म्हटलं की समोरच्याचा चेहरा बदलतो. आज ते मोकळेपणानं सांगायचं ठरवून आले आहे. शिवाय एक गोष्ट अशी आहे, जी तुम्हालाच सांगायला हवी, बाहेर कुणाला सांगून तिचा उपयोग नाही.

या कामात शिरले ते ध्येयाबियाने नव्हे. यजमान भोसरीला ज्या कारखान्यात होते तिथलं काम गेलं, मुलगा पाचवीत होता, घराचा हप्ता चालू होता. पेपरात छोटी जाहिरात होती : 'फील्ड ऑफिसर, महिलांना प्राधान्य'. ऑफिसर शब्दाला भुलून गेले. सुरुवातीला दरमहा सात हजार आणि ठरलेल्या रकमेच्या वर आणलं तर त्यावर थोडं कमिशन. दोन महिने टार्गेट चुकलं तर पत्र मिळायचं, तिसऱ्या महिन्यात बोलावणं.

संस्थेचं काम ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी. इथे सांगलीत बसून तुम्हाला ऊस समजावून सांगायला नको. तरी एक आठवण करून देते. शाळा सुटल्यावर कारखान्याकडे निघालेल्या बैलगाड्यांमागून आपण पळायचो, ऊस ओढायचो. मुलगे तर ओढायचेच, आम्ही मुलीही ओढायचो, आता कबूल करायला हरकत नाही. त्या मोळ्यांवर आपल्याच वयाची एखादी पोर बसलेली असायची. ती "ओ आई, ऊस काढला" म्हणून ओरडायची आणि आपण हसत पळायचो. ती पोर शाळेत का नाही, हा प्रश्न मला त्या वयात एकदाही पडला नाही. सदतिसाव्या वर्षी, नोकरीच्या पहिल्या आठवड्यात, संस्थेतल्या एका जाणत्या कार्यकर्त्यानं समजावलं तेव्हा पडला. बीड, नगरकडची कुटुंबं दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मार्च-एप्रिलपर्यंत कोपीत राहायचं, पहाटे फडात जायचं. मोठी मुलगी धाकट्याला सांभाळते आणि तिची शाळा तिथेच संपते. संस्था कारखान्याच्या तळावर वर्ग चालवायची आणि जी मुलं आजीआजोबांजवळ गावाकडे थांबू शकतील त्यांच्या जेवणाखाणाची सहा महिने सोय करायची. मी त्या कामाला कधी हात लावला नाही. वर्षातून एकदा आम्हाला तिथे नेत, म्हणजे दारात बोलताना खरं बोलता यावं. बाकी माझं काम सगळं जिन्यांत आणि लिफ्टमध्ये.

प्रशिक्षण तीन दिवसांचं होतं. त्यातली एक गोष्ट अजून माझ्या अंगात आहे. बेल वाजवली की दोन पावलं मागे यायचं. म्हणजे आतल्या माणसाला सेफ्टी डोअरच्या जाळीतून आपण पूर्ण दिसतो आणि अंगावर आल्यासारखं वाटत नाही. आजही बहिणीकडे गेले तरी बेल वाजवून मी मागे सरकते. ती म्हणते, "अगं, आत ये की." दुसरं, पहिल्या वाक्यात 'देणगी' हा शब्द आणायचा नाही. तिसरं, दुपारी एक ते चार पुण्यात कुणाची बेल वाजवायची नाही. याचं कारण सांगत बसत नाही. त्या वेळात आम्ही बायका एखाद्या देवळाच्या ओवरीत डबा खायचो. खरी अडचण स्वच्छतागृहाची. नऊ वर्षांत मी दुपारी पाणी पिणं जवळजवळ सोडलं होतं. त्याचे परिणाम पुढे भोगले, ते इथल्या डॉक्टर मैत्रिणीला ठाऊक आहेत.

चाळीस फ्लॅटच्या सोसायटीत माझ्या अंदाजानं पंधरा दारं उघडायची. पाच जण दोन मिनिटं ऐकून घ्यायचे. एखादा द्यायचा, कधी दोन. पण त्याआधी वॉचमन. 'विक्रेत्यांना प्रवेश नाही' अशी पाटी, रजिस्टरमध्ये नाव, मग सेक्रेटरींना फोन. सेक्रेटरी नेहमी मीटिंगमध्ये. एका सोसायटीचा वॉचमन मला तीन वेळा परत पाठवून चुकला होता. चौथ्या वेळी मी कंटाळून त्याच्याच खुर्चीशेजारी बसले आणि हातातला फोटोंचा अल्बम त्यानं सहज चाळला. म्हणाला, "ही कोपी हाय. ह्यो तळ कुठला?" तो पाटोद्याकडचा निघाला. त्याच्या घरची दोन कोयती दरवर्षी जायची, हा एकटा त्यातून सुटून पुण्याला आला होता. इतक्या वर्षांत 'कोयता म्हणजे काय' हे न सांगता समजलेला दारावरचा तो पहिला माणूस. त्यानं वीस रुपये दिले. रक्कम कितीही लहान असो, पावती फाडायचीच असा आमचा नियम. वीस रुपयांची पावती त्यानं घडी करून ओळखपत्राच्या मागे प्लॅस्टिकमध्ये सरकवली. आणि नंतर मला वर सोडलं. वरच्या चाळीस फ्लॅटमधून त्या दिवशी एकही पावती फाटली नाही, हेही सांगून टाकते.

लोक काय काय म्हणायचे, यावर मी तासभर बोलू शकेन. "सरकार काय करतंय?" हे तर ठरलेलंच. "कुठल्या तुम्ही? आडनाव काय?" हे विचारून मग दार किती उघडायचं ते ठरवणारेही पुष्कळ. माझ्या आडनावावरून मी कोण ते नीट कळत नाही. त्यामुळे "म्हणजे मूळचे कुठले?" असा दुसरा प्रश्न यायचा. माझ्यासोबत एक मुलगी होती, तिचं आडनाव ऐकल्यावर दोन-तीन घरांत पाण्याचा ग्लास यायचा थांबला होता. तिनं ते मला हसत हसत सांगितलं. मी हसले नाही. जुने कपडे देऊ करणारे खूप. आयकराची सवलत विचारणारे व्यवहारी लोक मला आवडायचे, कारण ते देणार असले तरच विचारतात. ऐंशी-जी कलमाखाली रोख देणगीची मर्यादा २०१७ मध्ये दहा हजारांवरून दोन हजारांवर आली तेव्हा त्या लोकांना ते माझ्याआधी माहीत होतं. आणि नोव्हेंबर २०१६! आठ तारखेला रात्री नोटाबंदी जाहीर झाली आणि नऊ तारखेपासून, ज्यांनी वर्षानुवर्षं दार उघडलं नव्हतं अशा लोकांचे मला फोन. "ताई, पाचशेच्या थोड्या नोटा आहेत, तुमच्या मुलांसाठी घेऊन जा." संस्थेनं सक्त ताकीद दिली होती, जुनी एकही नोट घ्यायची नाही. आयुष्यात पहिल्यांदा लोक द्यायला निघाले होते आणि मी हात जोडून नको म्हणत होते.

पण सगळ्यांत अवघड प्रश्न एकच. "यातले तुम्हाला किती?"

आमच्या वरिष्ठांनी उत्तर पाठ करून घेतलं होतं : "सगळे पैसे मुलांपर्यंतच जातात." पहिलं दीड वर्ष मी हेच सांगत होते. मग कर्वेनगरमध्ये बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाले, "तुमच्या चपला झिजल्यात. त्या कुणी घेऊन दिल्या?" मी म्हटलं, "मीच." "पगारातून?" "हो." "आणि पगार कशातून?" मी गप्प. ते रागावले नाहीत. संस्थेचा ताळेबंद घेऊन या, मग बघू, एवढंच म्हणाले. ताळेबंद मी तोपर्यंत पाहिलाच नव्हता. ऑफिसात मागितला तर आधी टाळाटाळ झाली, मग मिळाला. घरी मुलाच्या कॅल्क्युलेटरवर बसून हिशोब केला. हजार रुपयांतले साधारण दोनशे आमचे पगार, फिरणं आणि छपाई यावर जात होते. काकांना तो आकडा सांगितला. त्यांनी चष्मा काढून आकडेमोड तपासली, दोन ठिकाणी मला चुकवलं आणि तीन हजारांचा चेक दिला. पुढे मी असेपर्यंत दर वर्षी दिला. तेव्हापासून मी दारात खरा आकडा सांगायला लागले. त्यानं देणग्या वाढल्या असं मात्र नाही. "म्हणजे दोनशे तुम्हीच खाता!" म्हणून दार आपटणारेही भेटले. वरिष्ठ नाराज होते ते वेगळंच.

आपल्या इतिहासाच्या सरांनी आठवीत पैसा फंडाची गोष्ट सांगितली होती, आठवतं का? अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागून फंड उभा केला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. महर्षी कर्वे सत्तरी ओलांडल्यावर परदेशात हिंडून महिला विद्यापीठासाठी पैसे मागत होते. रयतच्या वसतिगृहांसाठी बाया घरी मूठ-मूठ धान्य बाजूला काढायच्या. या गोष्टी आम्हाला प्रशिक्षणातही सांगत, उत्साह यावा म्हणून. मला त्यांचा थोडा जाचच व्हायचा. त्या थोरांच्या मागे टार्गेट नव्हतं, असं मनात यायचं. की असेल त्यांनाही, फक्त महिनाअखेरचं नसेल.

आता ती गोष्ट.

२०१४ चा जुलै. कोथरूडमध्ये एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर बेल वाजवली, दोन पावलं मागे आले. दारावरच्या पाटीवरचं आडनाव ओळखीचं होतं, पण त्या आडनावाची पुण्यात शेकडो घरं. दार उघडलं आणि आतून आवाज आला, "कोण आहे? उजेडात ये." त्या आवाजावर मी ताठ उभी राहिले. आपल्या बाई. मराठीच्या. नाव घेत नाही, पण आडव्या काठाची इस्त्रीची साडी, लाल शाईचं पेन आणि 'र्‍हस्वदीर्घाला लाज नाही वाटत?' एवढं म्हटलं की मागच्या बाकापर्यंत सगळ्यांना कळेल. बाई २०१८ साली गेल्या. त्यांच्या सूनबाईंना विचारून आज हे सांगते आहे.

मुलाकडे राहायला आल्या होत्या. मी शाळेचं नाव, वर्ष, तुकडी सांगितली. मला ओळखलं की नाही कोण जाणे, पण आत घेतलं, पाणी दिलं. "काय करतेस?" मी म्हटलं, "एका संस्थेत अधिकारी आहे, बाई." बाईंशी मी खोटं बोलले ते असं, अर्धं. मग पत्रक पुढे केलं. बाईंनी ते वाचलं, उठल्या, पेन आणलं आणि लाल शाईनं दोन दुरुस्त्या केल्या. 'विद्यार्थीनी' छापलं होतं, त्याचं 'विद्यार्थिनी' केलं. 'आर्शिवाद' होतं, त्याचं 'आशीर्वाद' केलं. "मुलांना शिकवायला निघालात ना?" म्हणाल्या आणि पाच हजार एक रुपयांचा चेक लिहून दिला. इतकी मोठी देणगी मला फार थोड्या दारांत मिळाली होती. मी पाया पडले. खाली येऊन स्कूटरवर बसून थोडा वेळ रडले, का ते ठाऊक नाही.

ऑफिसात पत्रकातल्या चुका दाखवल्या. पाच हजार प्रती छापून झाल्यात, संपल्या की बघू, असं उत्तर आलं.

सप्टेंबरची अठ्ठावीस तारीख. टार्गेटला साडेचार हजार कमी पडत होते आणि ऑगस्टही चुकला होता. म्हणजे पत्र ठरलेलं. मी दुपारभर फिरले, तीनशे रुपये जमले. संध्याकाळी स्कूटर आपोआप कोथरूडकडे वळली असं म्हणणार होते, पण स्कूटर आपोआप वळत नाही. मी वळवली. बाई नाही म्हणणार नाहीत, हे मला माहीत होतं. देणगीदाराकडे पुन्हा जाण्यात चूक काहीच नाही, सगळे जातात, असं स्वतःला समजावत जिना चढले.

बाईंनी दार उघडलं. "कोण आहे? उजेडात ये." मी शाळा, वर्ष, तुकडी सांगितली. "हो का? काय करतेस?" मला वाटलं, विसरल्या असतील, वय झालंय. मी पत्रक पुढे केलं. त्या उठल्या, लाल पेन आणलं. 'विद्यार्थीनी'चं 'विद्यार्थिनी' केलं. 'आर्शिवाद'चं 'आशीर्वाद' केलं. "मुलांना शिकवायला निघालात ना?" तेच शब्द, तोच सूर. आणि चेकबुक काढलं.

त्या क्षणी मला सगळं कळलं होतं. कळलं नव्हतं असं मी नंतर बरेच दिवस स्वतःला सांगत राहिले, पण कळलं होतं. बाईंच्या लेखी मी पहिल्यांदाच आले होते. "बाई, तुम्ही जुलैत दिलेत" हे चार शब्द बोलायचे होते. मी बोलले नाही. रक्कमही तीच लिहिली त्यांनी, पाच हजार एक. मी पावती फाडली. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं होतं. टार्गेट पूर्ण झालं आणि वर आठशे रुपयांवर कमिशनही मिळालं, चाळीस रुपये.

दिवाळीनंतर सूनबाईंचा ऑफिसात फोन आला. पासबुकात दोन नोंदी दिसल्या, एका घरातून तीन महिन्यांत दोनदा कसं काय, असं त्यांनी विचारलं. आरोप नव्हता. सासूबाईंना विसरण्याचा आजार आहे, औषधं चालू आहेत, तुमच्या लोकांना जरा सांगा, एवढंच. फोन माझ्या वरिष्ठांनी घेतला आणि मला म्हणाले, "देणगी स्वेच्छेनं दिलेली आहे, पावती आहे, आपली बाजू भक्कम आहे." बाजू भक्कम आहे हे ऐकून मला पहिल्यांदा या नोकरीची भीती वाटली.

संस्थेतून पैसे परत मिळणार नव्हते, जमा होऊन खर्ची पडले होते. तेव्हा माझा पगार नऊ हजार झाला होता. मुलाच्या क्लासची फी पुढे ढकलली, भिशीतून थोडे उचलले आणि पाच हजार एक रुपये पाकिटात घालून कोथरूडला गेले. सूनबाईंना सगळं सांगितलं. दुसऱ्या वेळी मला कळलं होतं, हेही. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी पाकीट घेतलं आणि नोटा मोजल्या. बरं केलं. "असू दे हो" म्हणाल्या असत्या तर मी सुटले असते.

तेवढ्यात बाई आतून आल्या. "ही कोण?" सूनबाई म्हणाल्या, "तुमची विद्यार्थिनी." "हो का? काय करतेस?"

मी म्हटलं, "घरोघर जाऊन देणग्या मागते, बाई. पगारावर."

"किती देतात?"

"नऊ हजार."

"वेळेवर देतात का?"

खासगी शाळेत उमेदवारी केलेल्या बाईच हा प्रश्न विचारू शकतात. मी म्हटलं, वेळेवर देतात. "मग ठीक," म्हणाल्या. पत्रक माझ्या पिशवीतून डोकावत होतं, ते त्यांनी ओढून घेतलं, लाल पेन आणलं आणि त्याच दोन दुरुस्त्या तिसऱ्यांदा केल्या. मग चेकबुक शोधायला लागल्या. सूनबाई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "बाई, तुमची देणगी पोचली आहे. जुलैत दिलीत तुम्ही. पावती घरात आहे."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "मग परत कशाला आलीस?"

मला काही बोलता येईना. बाईच म्हणाल्या, "बरं, आलीस तर बस. चहा घे."

त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. कमिशन सोडलं, नुसता पगार द्या म्हणून लिहून दिलं. महिन्याला हजार-बाराशे कमी झाले. यजमानांनी विचारलं, "झेपेल का?" झेपवलं. आणि एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसाकडून पहिल्या भेटीत चेक घ्यायचा नाही, आधी घरच्या कुणाशी तरी बोलायचं, असा नियम संस्थेत व्हावा म्हणून मागे लागले. दोन वर्षं लागली, पण झाला. नव्या मुलींना मीच तो समजावते. आता मी फिरत नाही. लॉकडाऊननंतर सोसायट्यांची दारं आमच्यासाठी जवळजवळ बंदच झाली. गेटवर मोबाइलमधून परवानगी आल्याशिवाय आत कुणी सोडत नाही आणि पावतीपुस्तकाऐवजी क्यूआर कोडचं कार्ड आलं. मी ऑफिसात बसते, पावत्या आणि स्थळप्रती जुळवते.

२०१९ च्या ऑगस्टमधलं एक सांगायचं राहिलं. सांगलीत पाणी चढलं होतं, माझं माहेर गावभागातलं, आईला पहिल्या मजल्यावरून होडीतून काढलं होतं. आणि मी पुण्यात दुसऱ्याच कामाच्या पावत्या घेऊन फिरत होते. त्या आठवड्यात प्रत्येक सोसायटीच्या गेटवर ब्लँकेटं, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्यांचे ढीग. दार न उघडणारे लोक स्वतःच्या गाड्या काढून इकडे निघाले होते. मी सांगलीची आहे कळल्यावर एक गृहस्थ दहा हजार घेऊन आले. "पावती तुमच्या संस्थेचीच फाडा, पण पैसे तिकडे पाठवा." मी नाही म्हटलं. ज्या नावानं पावती फाटते त्याच कामाला पैसे गेले पाहिजेत. ते चिडले. "तुमच्याच गावासाठी देतोय!" इथून जी मंडळी पूरग्रस्तांसाठी उघडपणे पैसे गोळा करत होती त्यांचा खाते क्रमांक त्यांना दिला. त्यांनी पाठवले की नाही, माहीत नाही. घरी येऊन आईला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "घ्यायचे होतेस की गं." अजून मला वाटतं, घ्यायला हवे होते का? आपल्या अकाउंटंट मित्रानं यावर जेवताना मत द्यावं.

एक शेवटचं, गमतीचं. नऊ वर्षांत आपल्या वर्गातल्या दोघांच्या दारात मी उभी राहिले. एकानं जाळीतूनच "आम्ही देत नाही" म्हणून सांगितलं. मी ओळखलं, त्यानं नाही. पुढे आपला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला आणि त्याच्या फोटोवरून खात्री पटली. तो आज तिसऱ्या रांगेत बसलाय, घाबरू नकोस, नाव सांगत नाही. दुसरीनं ओळखलं, आत नेलं, पोहे केले आणि पैसे दिले नाहीत. म्हणाली, "यांना विचारायला हवं." महिन्यानं स्वतः ऑफिसात येऊन पाचशे रुपये भरून गेली आणि दर वर्षी भरते. तिलाही हे सांगितलेलं आवडणार नाही, म्हणून तिच्याकडे मी बघत नाही.

बाईंनी तपासलेली तिन्ही पत्रकं माझ्याजवळ आहेत. आज आणली आहेत, बाहेर फोटोंच्या टेबलावर ठेवते, बघून परत तिथेच ठेवा. शेजारी चौथं आहे ते २०१६ चं, नव्यानं छापलेलं. त्यात 'विद्यार्थिनी' बरोबर आहे. 'आशीर्वाद' हा शब्दच काढून टाकला होता.

संयोजक मघापासून हळूच विचारत होते, "पावतीपुस्तक आणलंयस का?" नाही आणलं. मागे बासुंदीचं पातेलं उतरलंय असं कळतंय, तेव्हा मी थांबते.